काचेपल्याडची रवी

खीर करताना फोन वाजला आणि डाव ओट्यावर ठेवून आपण बोलायला गेलो, की पुढे काय होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. खालून आच, वर गप्प बसलेलं दूध, हलवणारं कुणी नाही. दोन मिनिटांत खीर तळाला लागते आणि तो करपट वास शेवटच्या वाटीपर्यंत पाठ सोडत नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत हे संकट रोजचंच असतं, आणि तिथे ते जास्त अवघड असतं. भांड्याचं तोंड बंद. आत कधी विषारी वाफ, कधी हवेतला ओलावा लागला तरी बिघडेल असा नाजूक पदार्थ. अभिक्रिया चालायची सोळा तास, म्हणजे रात्रभर. डाव घालायचा कुठून आणि ढवळत उभं राहायचं कुणी?

त्यासाठी तिथे एक बुटका डबा असतो. वर सपाट तवा, पुढे दोन बटणं: एक तापमानाचं, एक वेगाचं. आपल्याकडच्या कॉलेजांत मुंबईच्या ‘रेमी’चा डबा इतका सर्रास दिसतो की काही ठिकाणी ‘तो रेमी इकडे आण’ एवढं म्हटलं तरी भागतं. या यंत्राला मॅग्नेटिक स्टरर म्हणतात. चुंबकीय ढवळणी म्हणता येईल, पण तसं कुणी म्हणताना मी ऐकलेलं नाही.

मी तो पहिल्यांदा चालताना पाहिला तेव्हा काय पाहतोय हे मला कळायला जरा वेळ लागला. सरांनी पाण्याने भरलेला बीकर तव्यावर ठेवला आणि त्यात करंगळीच्या पेराएवढा पांढरा, गुळगुळीत तुकडा सोडला. तळाशी टेकताच तो ‘टक्’ करून जागच्या जागी सरळ झाला, जणू कुणीतरी खालून त्याचा कान धरला. सरांनी बटण फिरवलं. तुकडा फिरू लागला, मग दिसेनासा झाला, आणि पाण्याच्या मधोमध एक खड्डा पडून थेट तळापर्यंत उतरला. सरांनी बीकर आणि तवा यांच्यामध्ये वहीचा पुठ्ठा सरकवला, तरी भोवरा चालूच. ना दांडा, ना तार, ना भोक. पाणी आपलं आपण फिरत होतं.

त्या पांढऱ्या तुकड्याला आपल्याकडे ‘बीड’ म्हणतात. (जिल्ह्याशी संबंध नाही, मणी या अर्थाचा इंग्रजी शब्द आहे.) प्लॅस्टिकच्या आवरणात बंद केलेलं ते एक साधं पट्टी-चुंबक असतं. डब्याच्या पोटात मोटरीच्या आसावर दुसरं, मोठं चुंबक आडवं बसवलेलं असतं. मोठ्याचा उत्तर ध्रुव धाकट्याच्या दक्षिण ध्रुवाला ओढतो, दुसऱ्या टोकाला उलट. मोठं फिरलं की धाकट्याला फिरावंच लागतं. काच, पाणी, पुठ्ठा यांना चुंबकत्वाशी काही देणंघेणं नसतं, म्हणून ओढ त्यांच्यातून सहज पार होते. खरं तर ही एक मोटरच आहे, मधोमध कापलेली: अर्धी डब्यात, अर्धी औषधात, आणि मध्ये काचेची भिंत.

यात मला सगळ्यांत जास्त मोह पडतो तो एका बारीक गोष्टीचा. आतला बीड बाहेरच्या चुंबकाच्या बरोबर कधीच नसतो. दोघांचा वेग अगदी एक असतो, पण बीड कायम थोड्या कोनाने मागे असतो, बोट धरून चालणारं मूल आईच्या अर्धं पाऊल मागे असतं तसा. हे मागे पडणं म्हणजे दुबळेपणा नव्हे. त्यावरच सगळा कारभार चालतो. दोन चुंबकं अगदी एकावर एक आली तर त्यांच्यात फिरवणारी ओढ शून्य असते. बीड मागे पडला की ओढ निर्माण होते, जास्त मागे पडला की जास्त. द्रव दाट असेल किंवा वेग वाढवला तर बीड आपोआप थोडा आणखी रेंगाळतो आणि हवी तेवढी ओढ मिळवतो. कुणी सांगावं लागत नाही, कुठला मापक लागत नाही. हा करार ९० अंशांपर्यंत चालतो. त्यापुढे रेंगाळलं तर ओढ वाढायच्या ऐवजी कमी होते, बोट सुटतं, आणि बीड बीकरच्या तळाशी तडतड उड्या मारू लागतो. अशा वेळी नवखा माणूस वेग आणखी वाढवतो. जाणता माणूस वेग शून्यावर आणतो, बीडला पुन्हा मधोमध बसू देतो आणि बटण हळूहळू फिरवतो.

या उड्यांवरूनच त्याला इंग्लंड-स्कॉटलंडकडे एक नाव पडलं. १९४० च्या दशकाच्या शेवटी स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक इथल्या टॉर्पेडो-संशोधन केंद्रात एडवर्ड मॅक्लॉफ्लिन यांनी प्लॅस्टिकच्या आवरणातलं असं चुंबक स्वतंत्रपणे बनवलं आणि त्याला ‘पिसू’ म्हटलं. तिकडच्या प्रयोगशाळांत अजूनही पिसूच चालते. पाणतीर बनवणाऱ्यांच्या आवारातून पिसू बाहेर यावी हे मला फार आवडतं.

पण ते पहिले नव्हेत. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या रिचर्ड स्ट्रिंगहॅम यांना १९१७ साली अशा ढवळणीचं पेटंट मिळालं होतं. त्यांच्या डब्यात फिरणारं चुंबकच नव्हतं. जागेवर स्थिर असलेली विद्युतचुंबकं होती. पुढे न्यू जर्सीतल्या आर्थर रोझिंगर यांनी १९४२ साली अर्ज केला आणि १९४४ च्या जूनमध्ये त्यांना पेटंट मिळालं. आज आपण पाहतो तो घाट त्यांचा: खाली फिरणारं चुंबक, वर भांड्यात आवरण चढवलेली पट्टी. गंमत अशी, की आजच्या काही महागड्या स्टररांत पुन्हा फिरणारा भागच नसतो. गुंडाळ्यांतून आळीपाळीने वीज सोडून चुंबकीय क्षेत्र फिरवतात. म्हणजे फिरून गाडी स्ट्रिंगहॅम यांच्या दारातच आली.

त्याआधी लोक काय करत होते ते कळलं की या डब्याची किंमत कळते. चंबूच्या तोंडातून काचेचा दांडा आत सोडायचा आणि वरून मोटरीने फिरवायचा. दांडा फिरायचा तर भोक सैल हवं. भोक सैल ठेवलं तर वाफ बाहेर आणि हवा आत. यावर तोडगा म्हणून दांड्याभोवती पारा भरलेली वाटी बसवायचे. पाऱ्यात दांडा फिरतो आणि पाराच बूच होतो. कल्पना सुंदर, पण हेलकावा बसला की पारा टेबलावर. फिरणाऱ्या दांड्याला भोक लागतं आणि भोक गळतं, हा पेच मोडायला दांडाच काढून टाकावा लागला.

राहिला प्रश्न बीडच्या अंगरख्याचा. उघडं चुंबक आम्लात टाकलं तर तेच विरघळेल. रोझिंगर यांनी काच, पोर्सिलेन आणि प्लॅस्टिक सुचवलं होतं. आज बहुतेक बीडांवर टेफ्लॉन असतं. रॉय प्लंकेट यांना ते १९३८ च्या एप्रिलमध्ये अपघाताने सापडलं: वायूची टाकी भरलेली वाटत होती पण वायू येईना, म्हणून कापून पाहिली तर आत पांढरी भुकटी. टेफ्लॉनला जवळजवळ कशाचंच काही वाटत नाही. अपवाद मात्र देखणा आहे. द्रवरूप अमोनियात सोडियम टाकलं की गर्द निळा द्राव होतो, आणि त्या निळाईत फिरणारा पांढराशुभ्र बीड हळूहळू काळा पडतो. सोडियम टेफ्लॉनमधलं फ्लोरीन ओरबाडून नेतं आणि मागे कोळसा उरतो. अशा ठिकाणी काचेचा बीड वापरतात.

आता तव्याकडे. ढवळणी आणि शेगडी एकाच डब्यात आल्या, आणि खिरीचा प्रश्न सुटला. पण त्या दोघींचा संसार दिसतो तितका सोपा नाही. तवा लोखंडाचा करून चालत नाही; लोखंड चुंबकाची सगळी ओढ स्वतःच्या अंगात वळवून घेईल आणि वरच्या बीडला काही उरणार नाही. म्हणून तवा अ‍ॅल्युमिनिअमचा, सिरॅमिकचा किंवा चुंबक न चिकटणाऱ्या जातीच्या स्टीलचा असतो. त्यातही अ‍ॅल्युमिनिअमचा तवा अगदी अलिप्त राहत नाही. फ्रान्सच्या अरागो यांनी १८२० च्या दशकातच दाखवून दिलं होतं, की तांब्याची चकती फिरवली तर तिच्यावर टांगलेली चुंबकसुई तिच्यामागे फिरू लागते, जरी तांबं चुंबकाला चिकटत नसलं तरी. कारण नंतर फॅरेडेंनी सांगितलं: धातूजवळ चुंबक हललं की धातूत विजेचे भोवरे उठतात. म्हणजे पाण्यात भोवरा दिसतो तेव्हा त्याच्याखाली, तव्याच्या अंगात, दुसरे न दिसणारे भोवरे फिरत असतात.

शिवाय उष्णता ही चुंबकाची जुनी वैरीण. साध्या प्रतीची निओडिमियम चुंबकं ८० अंश सेल्सिअसच्या पुढे दुबळी पडू लागतात आणि पुन्हा पूर्वीसारखी होत नाहीत. अ‍ॅल्युमिनिअम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांच्या मिश्रणाचं अल्निको ओढीला कमी, पण आगीला पक्कं. जिथे तापवायचं असतं तिथे ते आपला जम राखून आहे.

पण उष्णता मदतही करते. ग्लिसरीन २० अंशांना पाण्याच्या सुमारे १,४०० पट चिकट असतं. बीड त्यात रुतल्यासारखा घुटमळतो. ६० अंशांपर्यंत तापवा, ते पंधरापटीहून अधिक पातळ होतं आणि तोच बीड मजेत फिरू लागतो. उलट बाजूने ढवळणं उष्णतेला सावरतं. स्थिर द्रव कधीकधी उत्कलनबिंदू ओलांडूनही उकळत नाही, आणि मग एकदम उसळून चंबूबाहेर येतो. बीड फिरता असेल तर हे बहुधा टळतं.

इथे सावधगिरीची एक गोष्ट सांगायलाच हवी. तव्याचं तापमान आणि द्रवाचं तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बीकरमध्ये ६० अंश असताना तवा १५० ला असू शकतो, आणि पुष्कळ तवे ३०० च्या पुढे जातात. चांगल्या यंत्रात द्रवात बुडवायची तापमान-काडी असते. ती सांगेल तसं यंत्र आच कमी-जास्त करतं. ती काडी घसरून बाहेर आली तर? काडीला खोलीतली गार हवा लागते, यंत्राला वाटतं द्रव थंड पडलाय, आणि ते इमानेइतबारे तापवत सुटतं. कार्बन डायसल्फाइड हा द्रव तर सुमारे ९० अंशांना आपोआप पेट घेतो, ठिणगीसुद्धा लागत नाही. पाणी उकळायच्या आधीच. त्याला तव्याच्या आसपासही नेऊ नये.

हे सगळं यंत्राचं झालं. पण ढवळल्याने मिसळतं म्हणजे नेमकं काय होतं? पाच सेंटिमीटर उंच पाण्याच्या तळाशी साखर ठेवा आणि हात लावू नका. रेणू आपापले धडपडत वर येतील, पण हिशेब केला तर या नुसत्या पसरण्याला साधारण दोन महिने लागतात. अंतर एक दशांश मिलिमीटर असेल तर मात्र वीस सेकंद पुरतात, कारण वेळ अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. म्हणजे ढवळणीचं काम मिसळणं नव्हेच. तिचं काम अंतर कमी करणं. ते ती कशी करते हे चिरोटे करणाऱ्या बाईला विचारावं: लाटायचं, घडी घालायची, पुन्हा लाटायचं. दर घडीला पदर निम्म्याने पातळ. पाच सेंटिमीटरचा थर अशा नऊ घड्यांत एक दशांश मिलिमीटरवर येतो. फक्त नऊ! शेवटचं वीस सेकंदांचं काम रेणू स्वतः करतात.

आणि बीड घड्या घालायला उशीर लावत नाही. चार सेंटिमीटरचा बीड मिनिटाला ६०० फेरे घेत असेल तर त्याची टोकं ताशी साधारण साडेचार किलोमीटरने धावतात, म्हणजे माणसाच्या चालीने. कागदावर हे काही फार वाटत नाही, पण एवढ्याशा जागेत पाण्याचा प्रवाह पार खवळून जातो. मोठा भोवरा लहान भोवऱ्यांत फुटतो, ते आणखी लहानांत.

तरीही तो मधला देखणा खड्डा पाहून हुरळून जाऊ नये. पाणी नुसतं गोलगोल फिरत असेल तर शेजारचं पाणी शेजारीच राहतं, पाळण्यात बसलेल्या माणसांसारखं. आपल्या आज्या हे जाणून होत्या की नाही सांगता येत नाही, पण रवी तर जाणून होती: दोरीने घुसळताना ती एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे फिरते, ताकाला एकाच दिशेने वाहायची सवय लागूच देत नाही. कारखान्यातल्या मोठ्या टाक्यांत याचसाठी भिंतींना उभ्या पट्ट्या बसवतात.

बीकरच्या तळाशी चिमूटभर बारीक वाळू टाकली तर आणखी एक नाटक दिसतं. बीड फिरत असताना तो तळाचं पाणी बाहेर फेकतो, म्हणून वाळू कडेला जाते. आता यंत्र एकदम बंद करा. पाणी अजून फिरतंय, पण तळ त्याला अडवतोय. प्रवाह उलटतो आणि वाळू कडेवरून सरकत मध्यभागी गोळा होते. कपातला चहा ढवळून सोडला की चहाची पत्ती मधोमध जमते ती याच कारणाने, आणि त्याचं स्पष्टीकरण १९२६ साली आइन्स्टाइन यांनी लिहिलं होतं. विषय होता नद्यांची वळणं.

ढवळणं हे असं निमूट, निष्पाप काम वाटतं. माझाही तोच समज होता. मग दिलीप कोंडेपुडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९० सालचा प्रयोग वाचला.

सोडियम क्लोरेट हे एक साधं मीठ. पाण्यात विरघळलेलं असताना त्याला डावं-उजवं काही नसतं. पण त्याचे स्फटिक दोन तऱ्हांचे होतात, एकमेकांचं आरशातलं रूप, जसे डावे आणि उजवे शंख. द्राव शांत ठेवून पाणी उडू दिलं तर दोन्ही तऱ्हांचे स्फटिक साधारण सारखे मिळतात. त्यात नवल नाही. कोंडेपुडींनी तोच द्राव ढवळत ठेवला. एका भांड्यातले जवळजवळ सगळे स्फटिक एकाच हाताचे निघाले! दुसऱ्या भांड्यात कदाचित सगळे दुसऱ्या हाताचे. कुठला हात येईल ते आधी सांगता येत नाही, पण जो येईल तो भांडंभर. कारण असं, की ढवळत्या द्रावात जो पहिला स्फटिक जन्मतो त्याचे बारीक कण सुटून भांडंभर पसरतात, आणि प्रत्येक कण आपल्याच हाताच्या नव्या स्फटिकाचं बी होतो. विरुद्ध हाताच्या स्फटिकाला जन्मायची संधीच उरत नाही. निसर्गातले शंख बहुतेक एकाच बाजूला वळलेले असतात, आपल्या शरीरातली प्रथिनं एकाच हाताच्या अमिनो आम्लांची असतात. हे एकतर्फी जग कसं सुरू झालं असेल या प्रश्नाशेजारी हा बीकर ठेवून पाहावा. ढवळणाऱ्याने काहीच घातलं नव्हतं. त्याने फक्त फिरवलं.

आणि कधीकधी तो घालतोही, नकळत. मॉस्कोच्या झेलिन्स्की संस्थेतल्या व्हॅलेंतिन अनानिकोव्ह यांच्या गटाने २०१९ साली वापरलेले बीड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरले. वरून स्वच्छ दिसणाऱ्या टेफ्लॉनवर ओरखडे होते, आणि त्या ओरखड्यांत जुन्या प्रयोगांतल्या धातूंचे कण दडून बसले होते. पॅलेडियमसारख्या धातूचा कणभर अंशही पुढच्या अभिक्रियेत उत्प्रेरकाचं काम करू शकतो. ‘उत्प्रेरकाशिवाय अभिक्रिया झाली’ असा आनंद कुणाला होतो, आणि उत्प्रेरक तळाशी गरगर फिरत असतो. काचेबाहेर राहून ढवळायची एवढी खटपट केली, तरी काहीतरी आत राहिलंच. म्हणून महत्त्वाच्या प्रयोगाला नवा बीड घ्यावा असं मी आता आग्रहाने म्हणतो.

हे घरी पाहायचं असेल तर जुन्या संगणकातला पंखा मिळवा. त्याच्या मधल्या गोल भागावर दोन लहान चुंबकं समोरासमोर चिकटवा, एकाचा उत्तर ध्रुव वर, दुसऱ्याचा दक्षिण. त्यावर पंख्याला न टेकेल असं पातळ झाकण, झाकणावर काचेचा ग्लास, ग्लासात नळीत बंद केलेली छोटी चुंबकपट्टी. तापवण्याच्या भानगडीत पडू नका, आणि सुटी चुंबकं लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळली गेली तर पोटात एकमेकांना चिकटून आतड्याला इजा करतात. वेग हळूहळू वाढवा, पिसू कधी उडते ते पाहा. आणि पाणी ओतून देण्याआधी पट्टी काढून घ्या. माझा पहिला बीड बेसिनच्या नळीतून कुठे गेला ते मला अजून कळलेलं नाही.